चंद्रावरचं बांधकाम नि शेती: यात सिव्हिलवाल्याला करण्यासारखं नेमकं काय आहे?

खडी_वाळू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. एम.टेक. स्ट्रक्चर्सला आहे, प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आलीय आणि मला पृथ्वीबाहेरच्या बांधकामावर काहीतरी करायचंय. गाईड म्हणतात विषय चांगला आहे पण त्यात तू नक्की काय मोजणार ते आधी सांग, आणि तिथंच माझी गाडी अडलीय. इंटरनेटवर शोधलं की एकसारख्याच बातम्या येतात, बॅक्टेरियाची वीट, बटाट्याच्या स्टार्चचं काँक्रीट, एकीकडे तर चक्क रक्तातल्या प्रोटीनचं काँक्रीट, मग थ्रीडी प्रिंटिंगचे व्हिडिओ. प्रत्येकात स्ट्रेंग्थचा एक आकडा आणि एक सुंदर चित्र, घुमट, बाजूला हिरवीगार काचेची शेती. सगळं खरं मानलं तरी दोन गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. एक म्हणजे चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, म्हणजे सेल्फवेट (बांधकामाचं स्वतःचं वजन) कमी, वारा नाही, पाऊस नाही, मग तिथं सत्तर मेगापास्कल स्ट्रेंग्थची वीट हवीय कशाला, पाच-दहाची का नाही चालणार? आणि दुसरं, जिथं जावं तिथं बांधकामाच्या जोडीला शेतीचा विषय असतोच, तो कृषीवाल्यांचा प्रांत ना, आपला त्यात काय संबंध? आमच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम चेंबर नाहीये हेही सांगून ठेवतो. नेहमीचं सामान आहे, चाळण्या, यूटीएम (दाबून-ओढून मजबुती तपासायचं मशीन), ट्रायअ‍ॅक्सियल वगैरे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हवाबंद

तुझा पहिला प्रश्न योग्य आहे पण तू लोड चुकीच्या दिशेनं बघतोयस. सेल्फवेट विसर. आत माणसं राहणार म्हणजे आत हवा भरावी लागणार आणि बाहेर काहीच नाही. पृथ्वीइतका दाब ठेवायचा म्हटलं तर १०१ किलोपास्कल, म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण १० टन, आणि तेही वरच्या दिशेनं. आपण इथं राहत्या घराच्या स्लॅबला लाइव्ह लोड (माणसं नि सामानाचं वजन) धरतो २ किलोन्यूटन प्रति चौ.मी., त्याच्या पन्नास पट हा आकडा आहे आणि तो भिंतीला, छताला, जमिनीला, दाराला सगळीकडे बाहेरच्या बाजूला ढकलतोय. ते घर कमी नि फुगवलेली ट्यूब जास्त आहे.

आता कोणी म्हणेल वरून माती टाका, दाबून धरेल. करून बघू गणित. रेगोलिथची, म्हणजे तिथल्या वरच्या सुट्या मातीची, घनता घट्ट धरली तरी १.८ टन प्रति घनमीटर, चंद्राचं जी (गुरुत्वाकर्षण) १.६२, म्हणजे एक मीटर थराचं वजन होतं जेमतेम २.९ किलोपास्कल. १०१ बॅलन्स करायला पस्तीस मीटर माती लागेल. मंगळावर जी ३.७१ आहे तिथंही पंधरा मीटर. इतकी माती कोणी टाकत नाही. रेडिएशनसाठी सहसा दोन-तीन मीटर थराचा हिशोब करतात, तेवढ्यानं चंद्रावर ९ किलोपास्कल तोलले जातात आणि बाकीचे ९० शेलला (कवचाला) टेन्शनमध्येच, म्हणजे ओढ सोसूनच, घ्यावे लागतात. तीन मीटर त्रिज्येचा सिलिंडर घेतलास तर हूप टेन्शन (भिंतीला घेराच्या दिशेनं बसणारी ओढ) ३०० किलोन्यूटन प्रति मीटर, म्हणजे दर मीटर लांबीला तीस टनांची ओढ. आता त्यात विटा लावून बघ. वीट ७० ची असो नाहीतर १० ची, टेन्शनमध्ये ती कॉम्प्रेशनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहणार, शिवाय सांध्यातून हवा गळणार ती वेगळीच.

म्हणून जे लोक हे काम गंभीरपणे करतात ते दाब सांभाळायचं काम धातूच्या किंवा कापडी शेलला देतात. कापडी म्हणजे आकाशकंदिलाचा कागद समजू नकोस, अनेक थरांचं विणलेलं मटेरियल असतं, स्पेस स्टेशनला २०१६ मध्ये बीम नावाचं फुगवता येणारं मॉड्यूल जोडलं ते याच जातीतलं. माती, वीट, प्रिंट केलेली भिंत या सगळ्यांचं काम पांघरुणाचं, म्हणजे रेडिएशन, बारीक उल्का आणि तापमान. तापमानाचं तर चांद्रयान-३ च्या चास्टे या उपकरणानं मोजूनच दाखवलं, पृष्ठभागावर पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. रेगोलिथ इतकं भारी इन्सुलेशन फुकट मिळत असताना त्याची मजबूत वीट करण्यात शक्ती घालवायची का, हा माझाही प्रश्न आहे.

एक खोच मात्र लक्षात ठेव, ती बातम्यांत कधी येत नाही. हवा असताना शेल बाहेर ओढला जातो, पण गळती होऊन आतली हवा गेली, किंवा बांधकाम चालू असताना हवा भरलेलीच नसली, तर तीच तीन मीटर माती शेलवर बसते आणि लोड उलटा होतो, ९ किलोपास्कल आत. कापडी शेल तिथं मुरगाळून खाली येणार. तेव्हा एकाच स्ट्रक्चरला दोन विरुद्ध लोड केस आणि दोन्हीला पुरं पडायचं, म्हणजे आत एक सांगाडा हवा जो दाबाच्या वेळी नुसताच उभा असतो आणि अपघाताच्या वेळी कामाला येतो. तू स्ट्रक्चर्सचा आहेस ना, मग इथंच प्रोजेक्ट आहे, लॅबसुद्धा लागणार नाही.

तिरकस

इथल्या पुलांचे बेअरिंग बदलायला निधी नाही आणि आपण चंद्रावर हूप टेन्शन काढतोय. चालू द्या.

मातीपरीक्षक

तिरकसराव, हा प्रतिसाद तुम्ही कुठंतरी सेव्ह करून ठेवला असणार, प्रत्येक धाग्यावर तोच येतो :) पुलांचा निधी आणि एका पोराचा एम.टेक. प्रोजेक्ट यांची तिजोरी वेगळी आहे.

खडीवाळू, हवाबंद यांना +१, पण घर बांधायच्या आधी बरंच काही आहे. माझ्या मते चंद्रावरचं पहिलं खरं सिव्हिल काम घर नाहीच, यान उतरायची जागा आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ उतरलं तेव्हा तिथं आधीपासून उभं असलेलं सर्व्हेयर ३ साधारण १६० मीटरवर होतं. त्याचे काही भाग अंतराळवीरांनी काढून परत आणले आणि तपासल्यावर दिसलं की उतरणाऱ्या यानाच्या धुरोळ्यानं त्याचं अक्षरशः सँडब्लास्टिंग झालं होतं. हवा नसल्यामुळं कणांना अडवायला काही नाही, सुटलेला कण थांबतच नाही. ते यान आजच्या मोठ्या यानांच्या मानानं बारकं होतं. तेव्हा शेजारी माणसं राहणार, सोलर पॅनेल असणार, तर आधी पॅड हवा आणि भोवती बांध हवा. युरोपियन अंतराळ एजन्सीच्या पेव्हर प्रोजेक्टमध्ये २०२३ ला लेझरनं नकली चांद्रमाती वितळवून वीस सेंटिमीटरचे त्रिकोणी पोकळ ब्लॉक केले, एकमेकांत अडकवून रस्ता करता येईल असे. मला ही बातमी बटाट्याच्या विटेपेक्षा जास्त उपयोगाची वाटली होती, पण ती गाजली नाही.

आणि उत्खनन. इथला पोकलेन चालतो तो स्वतःच्या वजनावर, बकेट मातीत घुसताना जी उलटी रिअ‍ॅक्शन येते ती मशीनचं वजन घेतं. चंद्रावर तेच मशीन एक षष्ठांश वजनाचं, माती खणायच्या ऐवजी मशीनच उचललं जाईल किंवा मागं सरकेल. नासानं रॅसर नावाचं यंत्र केलंय त्यात पुढं-मागं दोन ड्रम आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध फिरून खणतात, आडवा जोर एकमेकांत कटतो. साधी कल्पना आहे, पण कुणीतरी सॉइल मेकॅनिक्सवाल्यानं बसून विचार केल्याशिवाय सुचणारी नाही.

मातीला गृहीत धरलं की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे इनसाइटचा मोल. २०१८ च्या शेवटी मंगळावर उतरलेल्या यानात साधारण चाळीस सेंटिमीटर लांबीचा स्वतःला ठोकत आत जाणारा खिळा होता, तो पाच मीटर खाली जायचा होता. ठोके मारले की खिळ्याला उलटा धक्का बसतो, तो बाजूच्या मातीच्या घर्षणानं जिरवायचा असं डिझाइन. तिथली वरची माती निघाली चिकटून घट्ट झालेली, खिळ्याभोवती भोक मोकळंच राहिलं, घर्षण मिळेना, आणि खिळा जागच्या जागी उड्या मारत राहिला. यानाच्या हातानं वरून दाबून पाहिलं, कडेनं दाबून पाहिलं, जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबवले तेव्हा तो जेमतेम स्वतःच्या उंचीइतका गाडला गेला होता. पाईल फाउंडेशनचा धडा आहे तो आख्खा.

सिम्युलंटबद्दल (नकली चांद्रमातीबद्दल) एक सांगतो कारण तू लॅबमध्ये तेच वापरणार. जेएससी-१ए वगैरे नावं वाचली असशीलच, इस्रोनंही तमिळनाडूतल्या अ‍ॅनॉर्थोसाइट खडकापासून स्वतःचं केलंय. पण प्रत्येक सिम्युलंट कशासाठी तरी केलेलं असतं, एखाद्यात खनिजं जुळतात पण कणांचा आकार नाही, एखाद्यात ग्रेडिंग (लहान-मोठ्या कणांचं प्रमाण) जुळतं पण काचेचा अंश नाही. चंद्रावर पाणी नाही वारा नाही, त्यामुळं कण झिजत नाहीत, सगळे काटेरी, एकमेकांत अडकणारे. काय मोजायचंय ते ठरवून मग माल निवड, उलटं करू नकोस.

काँक्रीटकाका

मटेरियलवाला म्हणून चार ओळी. खऱ्या चांद्रमातीचं काँक्रीट ऐंशीच्या दशकातच झालंय, १९८६ मध्ये नासानं टी. डी. लिन यांना ४० ग्रॅम अपोलोची माती दिली होती, त्याचा छोटा ठोकळा पंचाहत्तर मेगापास्कलच्या घरात गेला. म्हणजे स्ट्रेंग्थ हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सुटला, पाण्याचा नाही सुटला. व्हॅक्यूममध्ये ओतलेल्या काँक्रीटमधलं पाणी उकळून निघून जातं, सेट होईपर्यंत ते बंद कोंडून ठेवावं लागतं. म्हणून गंधकाच्या काँक्रीटकडं लोक वळले, वितळवा, ओता, थंड करा, पाणी शून्य. पण चंद्रावरच्या निर्वातात उघडं ठेवलं तर गंधक हळूहळू उडून जातो आणि दिवसा सव्वाशेच्या आसपास तापमान जातं तिथं तो मऊही पडणार. मंगळ थंड आहे, तिथं तो जास्त शोभतो. स्पेस स्टेशनवर सिमेंट कालवूनही बघितलंय, निकाल २०१९ ला आला, वजनच नसल्यामुळं जड कण खाली बसत नाहीत, छिद्रं जास्त पण सगळीकडे सारखी. मात्र ते शून्याजवळचं जी, चंद्राचं एक षष्ठांश नव्हे, त्यावरून चंद्राचा निष्कर्ष काढू नये.

बेंगळुरूच्या आयआयएससीचं काम बघच, इस्रोबरोबर केलेलं, आलोक कुमार वगैरे मंडळींचं. स्पोरोसार्सिना पाश्चुरी नावाचा बॅक्टेरिया युरिया फोडतो, त्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन कण जखडले जातात, गवार गम घातला की मजबुती वाढते. त्यांचं अलीकडचं काम जास्त आवडलं, वीट भाजून करायची आणि तिला तडे गेले की बॅक्टेरिया वापरून ते भरायचे. दिवस-रात्रीच्या अडीचशे अंशांच्या हेलकाव्यात तडे जाणारच आहेत, तेव्हा दुरुस्तीचा विचार आधी केलेला बरा.

खडी_वाळू

बापरे, एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं, खूप आभार. हवाबंद सर, पस्तीस मीटरचं गणित मी स्वतः करून बघितलं, बरोबर येतंय आणि आता ती घुमटाची चित्रं बघवत नाहीत. पण शेतीचं राहिलंच की. लाव्हा ट्यूबमध्ये (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या भुयारात) गेलो तर रेडिएशनचा प्रश्न संपतो असंही वाचलं, मग तिथंच शेती का नको?

हवाबंद

लाव्हा ट्यूबनं पांघरुणाचा प्रश्न सुटतो, हवेचा नाही. नैसर्गिक खडक हवाबंद नसतो, त्याला भेगा असतात. आत जाऊनही तोच शेल फुगवायचा. शेतीबद्दल कोवळे_ऊन यांना टॅग करतो, त्या बंदिस्त शेतीवरच काम करतात.

कोवळे_ऊन

टॅग केल्याबद्दल धन्यवाद, धागा आधीच वाचत होते.

खडीवाळू, आधी तुझा "कृषीवाल्यांचा प्रांत" मोडून काढते. एका माणसाचं पूर्ण जेवण प्रखर दिव्यांखाली पिकवायचं तर साधारण ४० ते ५० चौरस मीटर लागवड धरतात. चार माणसं म्हणजे दोनशे. त्यांना झोपायला, काम करायला लागते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा. म्हणजे तळावरची सगळ्यात मोठी इमारत शेतीची असणार आणि हवाबंद यांनी सांगितलेला दाब सगळ्यात जास्त क्षेत्रावर तीच सोसणार. काचेचं छत विसर. चंद्रावर दोन आठवड्यांची रात्र, मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्क्यांच्या आसपास आणि वर धुळीची वादळं, २०१८ च्या वादळानं ऑपर्च्युनिटी रोव्हर कायमचा बंद पडला. तेव्हा शेती मातीखाली, एलईडीवर. त्या दिव्यांची उष्णता बाहेर टाकायची कशी, कारण बाहेर हवा नाही, वारं घालून थंड करता येत नाही, रेडिएटर लावून किरणांवाटेच घालवावी लागते. हे सगळं आम्ही झाडवाल्यांनी करायचं का? अंटार्क्टिकावर जर्मनांनी ईडन आयएसएस नावाचं कंटेनरमधलं शेत चालवलं, साडेबारा चौरस मीटरमध्ये पहिल्या हंगामात २६८ किलो भाजी काढली, झाडांनी आपलं काम चोख केलं. पण ती भाजी होती, काकडी, टोमॅटो, पालेभाज्या. पोट भरणारं धान्य जागा जास्त खातं.

आता माती. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठानं खऱ्या अपोलो मातीत अरॅबिडोप्सिस नावाचं प्रयोगांत वापरतात ते छोटं रोप लावलं. एकूण माती बारा ग्रॅम, एका रोपाच्या वाट्याला ग्रॅमभरसुद्धा नाही. सगळी बियाणं उगवली, पण आठवड्याभरात रोपं खुरटायला लागली, मुळं आखूड, पानांवर लालसर छटा, म्हणजे रोप ताणाखाली होतं. जी माती पृष्ठभागावर जास्त काळ किरणं खात पडली होती, अपोलो ११ ची, तिच्यातली सगळ्यात वाईट. त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाही, सेंद्रिय काही नाही. मंगळाच्या मातीत परक्लोरेट (एक क्षार) आहे, २००८ ला फिनिक्स यानानं शोधलेलं, ते थायरॉइडला घातक. पाण्यानं धुता येतं, पण ते पाणी आणायचं कुठून.

पण मला जी गोष्ट सांगायचीय ती बायोस्फिअर २ ची, ती सिव्हिलवाल्यांनी तर पाठच करावी. अ‍ॅरिझोनात १९९१ ला आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत शेतीसकट राहायला गेली. महिन्यामहिन्यानं आतला ऑक्सिजन उतरत गेला, २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदावर, माणसांना जिना चढताना धाप लागायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. कारण शोधलं तर मातीत कंपोस्ट भरपूर घातलेलं, त्यातले जीवाणू ऑक्सिजन खात होते. पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता, तो वाढला होता पण हिशोबाच्या मानानं फारच कमी. बाकीचा गेला कुठं? तर उघड्या काँक्रीटमध्ये. तुम्ही लोक ज्याला कार्बोनेशन म्हणता आणि सळई गंजेल म्हणून घाबरता तेच. सिमेंटमधला चुना तो वायू पिऊन कॅल्शियम कार्बोनेट होत होता. जो कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेऊन त्यातला ऑक्सिजन परत सोडायचा तो भिंतीत जाऊन बसला. भिंतीला कोणी विचारलंच नव्हतं की तू श्वास घेतेस का.

म्हणून शेती आणि बांधकाम एकाच लॅबमध्ये असतं. बंद जागेत भिंत ही हवेच्या हिशोबातली एक भागीदार असते.

काँक्रीटकाका

हे भारी सांगितलंत ताई. यावरून आठवलं, ते बॅक्टेरियाच्या विटेचंही असंच आहे. एक मोल युरिया फुटला की एक मोल कार्बोनेट मिळतं आणि दोन मोल अमोनियम सुटतं. इथल्या लॅबमध्ये तो धुऊन मोरीत जातो, बंद केबिनमध्ये अमोनिया म्हणजे डोळे चुरचुरणं नि वर आजार. पण तुमच्या नायट्रोजन नसलेल्या मातीला तेच तर हवंय ना?

कोवळे_ऊन

हो, हवंय, फक्त सरळ ओतून नाही, आधी जीवाणूंकडून नायट्रेट करून घ्यावं लागतं नाहीतर मुळं जळतात. पण काका, हिशोब असा आहे की मुळात युरिया आहेच किती? माणूस दिवसाला वीस-तीस ग्रॅम लघवीतून टाकतो. चार जणांचा शंभर ग्रॅम धरा. वर्षाला ३६ किलो.

काँक्रीटकाका

थांबा, मग हे गणित करूनच टाकू. ६० ग्रॅम युरियाला १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ३६ किलोचं झालं ६० किलो. विटेत दहा टक्के बाइंडर (कण जखडणारा पदार्थ) धरला तर वर्षाला ६०० किलो विटा, पाच टक्के धरला तर १२०० किलो. आणि १० बाय ६ मीटरच्या एका खोलीच्या नुसत्या माथ्यावर तीन मीटर पांघरूण घालायचं तर १८० घनमीटर, सव्वातीनशे टन. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त लागतील, आणि तोवर शेताला खत शून्य. बटाट्याचं तसंच, ती वीट करणाऱ्या मँचेस्टर विद्यापीठवाल्यांनीच सांगितलंय की २५ किलो सुकवलेल्या बटाट्यात जवळपास अर्धा टन माल होतो, २१३ विटा. अर्ध्या टनासाठी २५ किलो अन्न! सव्वातीनशे टनाला सोळा टन सुके बटाटे. त्यापेक्षा गोणीत सुटी माती भरून रचा की सरळ.

मातीपरीक्षक

गोणीला +१००. बाइंडर फक्त तिथं, जिथं कण सुटणं परवडत नाही, म्हणजे लँडिंग पॅड, दारापुढची जागा, तडे भरणं.

खडी_वाळू

हे वाचून झोप उडालीय. म्हणजे गवंडी नि शेतकरी एकाच बादलीवर हक्क सांगणार. पण हे सगळं कागदावरचं झालं, गाईडना प्रयोग हवाच आहे, लॅबमध्ये मोजता येईल असं काही? एक षष्ठांश जी कुठून आणू?

मातीपरीक्षक

आणायची गरज नाही, तुझ्याकडं उलटी सोय आहे. जिओटेक्निकल सेंट्रिफ्यूज माहितीय ना, मोठ्या बांधाचं एन पट लहान मॉडेल करायचं आणि एन पट जी मध्ये फिरवायचं म्हणजे ताण जुळतात. आता चंद्राच्या नजरेतून बघ, पृथ्वीवर सगळं आपोआप सहा पट जी मध्येच आहे. म्हणजे तुझ्या टेबलावरचा ३.३ सेंटिमीटरचा मातीचा ट्रे हे चंद्रावरच्या २० सेंटिमीटरच्या वाफ्याचं मॉडेल झालं, कण तेच ठेवायचे, पाणी तेच. केशाकर्षणानं पाणी जितकं वर चढतं ते जी च्या व्यस्त प्रमाणात, चंद्रावर सहा पट उंच. खोली एक षष्ठांश केलीस की गुणोत्तर जुळलं. वेळही सेंट्रिफ्यूजच्या नियमानं, सहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३६ पट. इथं ट्रे दहा मिनिटांत निथळला तर तिथं सहा तास.

आणि हा प्रश्न खरा आहे, कागदी नाही. चांद्रमातीचा सरासरी कण सत्तर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे गाळवट वाळू. अशा मातीत इथंच पाणी अर्धा मीटर तरी वर चढून बसतं, तिथं तीन मीटर. तेव्हा २० सेंटिमीटरच्या वाफ्याला तळाशी भोक ठेवलं तरी पाणी निथळणारच नाही, वाफा कायम चिंब.

कोवळे_ऊन

अगदी! आणि चिंब म्हणजे मुळांना ऑक्सिजन नाही. स्पेस स्टेशनवर हाच त्रास होतो म्हणून तिथल्या व्हेजी नावाच्या भाजी-वाफ्याच्या पिशव्यांत भाजलेल्या चिकणमातीचे जाडसर दाणे वापरतात, दोन दाण्यांमध्ये हवा राहावी म्हणून. चंद्रावर दाणे नेणं महाग, तेव्हा तिथल्याच मातीतून चाळून किंवा भाजून किती जाडीचा दाणा काढला म्हणजे २० सेंटिमीटरचा वाफा निथळेल, हे मला कोणी मोजून दिलं तर मी उद्या वापरेन. निदान दहा टक्के पोकळी हवेची राहिली पाहिजे असं आम्ही धरतो.

खडी_वाळू

म्हणजे चाळणीनं गट पाडायचे, प्रत्येक गटाचे ३.३ सेंटिमीटरचे ट्रे, भिजवायचं, निथळू द्यायचं, वजन करून हवेची पोकळी काढायची? हे तर आमच्याकडं होईल! सिम्युलंट येईपर्यंत बेसाल्टच्या क्रशर डस्टवर (खडी फोडताना निघणाऱ्या भुकटीवर) ट्रायल घेतली तर चालेल का?

मातीपरीक्षक

चालेल, कण काटेरी असतात ते बरंच आहे. नदीची वाळू घेऊ नकोस, गोल असते. ७५ मायक्रॉनखालचा माल फेकू नकोस, तोच खरा खलनायक आहे, तो थोडा थोडा परत मिसळून निथळणं कुठं बंद पडतं ते बघ. ट्रे उथळ आहे त्यामुळं बाष्पीभवनानं आकडे बिघडतील, वर प्लास्टिक टाक पण हवेला एक टाचणीभर भोक ठेव. एकाच जाडीत अडकू नकोस, एक ट्रे ६.६ चाही कर, तो चंद्रावरचा ४० चा वाफा झाला, दोन्हीतून एकच रेषा निघाली तर स्केलिंग बरोबर चाललंय असं गाईडना दाखवता येईल.

हवाबंद

आणि प्रस्तावात घुमटाचं चित्र टाकू नकोस.

तिरकस

क्रशर डस्टमध्ये पाणी निथळेना हा प्रश्न इथल्या रस्त्यांच्या सब-बेसमध्येही (खालच्या थरातही) आहे बरं का. निकाल आले की इथंच टाक, वाचेन.